संभाजीनगर-नांदेड-लातूर: छोट्या विमानात हवामान कसं बघायचं आणि वाटेत प्लॅन कसा बदलायचा

फ्लाइंग स्कूलला आलेली मराठवाड्यातली पोरं मला एक प्रश्न हमखास विचारतात, सर हवामान कुठल्या ॲपवर बघायचं? ॲप काय दहा आहेत. खरा प्रश्न असा की बघितलेल्या आकड्याचं करायचं काय, आणि वाटेत आभाळ भरून आलं तर मागं फिरायचं ते कुठून फिरायचं. बहुतेक जण सकाळी मेटार, म्हणजे विमानतळावरच्या त्या वेळच्या हवेचा कोडमधला अहवाल, वाचतात, ठीक आहे म्हणतात, वहीत लिहितात आणि उडतात, मग परभणीच्या पुढं समोर काळं दिसलं की तेव्हा विचार करायला सुरुवात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, म्हणजे सेसना १५२, १७२ सारख्या विमानात व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत उडणाऱ्यांसाठी. आयएफआरवाल्यांनी, म्हणजे उपकरणांवर उडणाऱ्यांनी, पुढचं वाचलं तरी हरकत नाही.

उदाहरणाला आपल्या घरचाच त्रिकोण घेऊ. संभाजीनगरहून नांदेड साधारण ११६ नॉटिकल मैल (पुढं मैल म्हणजे हेच), नांदेडहून लातूर ६७, आणि लातूरहून परत संभाजीनगर १०६. शंभर नॉटच्या, म्हणजे तासाला शंभर नॉटिकल मैल जाणाऱ्या, विमानाला हे तीन तासांच्या आतबाहेरचं काम.

आधी नियम, पटकन

भारतात व्हीएफआरला १०,००० फुटांखाली दृश्यमानता ५ किलोमीटर, त्याच्या वर ८ किलोमीटर, ढगापासून आडवं अंतर १५०० मीटर आणि उभं १००० फूट. कंट्रोल झोनमध्ये, म्हणजे टॉवरच्या ताब्यातल्या हद्दीत, सीलिंग, म्हणजे अर्ध्याहून जास्त आभाळ झाकणाऱ्या ढगाचा तळ, १५०० फुटांच्या खाली किंवा दृश्यमानता ५ किलोमीटरच्या खाली गेली की टॉवरच्या खास परवानगीशिवाय उतरायचं नाही आणि उडायचंही नाही. अनियंत्रित हद्दीत अगदी खालच्या उंचीला ढगाचा नियम थोडा सैल आहे, पण त्याच्या भरवशावर प्लॅन करू नका, तो अडचणीत कामाला येतो तेवढंच. वस्तीवरून जाताना सगळ्यात उंच अडथळ्याच्या वर १००० फूट, बाकी रानावरून ५०० फूट. आणि सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी व्हीएफआरचं दुकान बंद, फ्लाइंग क्लबच्या लोकल फ्लाइटना हवाई वाहतूक नियंत्रणानं (एटीसी) सूट दिली तर तेवढा अपवाद. डिसेंबरात आपल्याकडं पावणेसहालाच सूर्य जातो हे लक्षात ठेवा, प्लॅन बदलताना हवामानाच्या आधी बऱ्याचदा उजेडच संपतो.

आदल्या रात्री: मोठं चित्र

रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास पुरे. आयएमडीच्या, म्हणजे हवामान खात्याच्या, साइटवर इन्सॅटची उपग्रह चित्रं असतात, ती एकच बघू नका, मागच्या पाच-सहा तासांची ओळीनं बघा, ढग कुठून कुठं चाललेत ते कळतं. मग जिल्हानिहाय अंदाज आणि इशारे बघा. विंडी ॲप बहुतेकांच्या फोनमध्ये असतंच, ते चांगलं आहे, पण ते मॉडेल आहे हे डोक्यात ठेवा, त्यावर दिसणारा ढग संगणकानं मांडलेला असतो, कोणी बघितलेला नसतो. मी दोन मॉडेल शेजारी शेजारी लावून बघतो. दोन्ही एकच सांगत असली तर बरं, वेगवेगळं सांगत असली तर उद्याचा दिवस अवघड आहे असं धरून चालायचं, त्यातलं आपल्याला सोयीचं निवडायचं नाही.

मोसमानुसार काय शोधायचं ते बदलतं. मार्च ते मे अवकाळी आणि वळीव. सकाळी आभाळ एकदम कोरं, आणि दुपारी तीननंतर बालाघाटावर किंवा अजिंठ्याच्या डोंगरावर ढगांचे गोळे उठायला लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीटही होते, २०१४ ची गारपीट आठवत असेल तर वेगळं सांगायला नको, त्यात ज्वारी गेली द्राक्षं गेली, विमानाचा पत्रा काय चीज आहे. जुलै-ऑगस्टमध्ये वादळ कमी पण ढग खाली, रिमझिम, पश्चिमेचा वारा जोरात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गोदावरीच्या पट्ट्यात आणि नाथसागराच्या कडेला धुकं, ते बहुतेक वेळा ऊन चढलं की जातं, पण सातला उडायचा हट्ट असेल तर तेवढंच पुरतं. मे महिन्यातली धूळ मात्र लोक धरतच नाहीत. ढग शून्य, तरी समोर सगळं पिवळट, क्षितिज गायब.

सकाळी: मेटार, टॅफ आणि त्यांचा खरा अर्थ

अधिकृत माहिती आयएमडीच्या एव्हिएशनच्या ऑनलाइन ब्रीफिंग सिस्टीमवर मिळते, तिला सगळे ओएलबीएस म्हणतात. त्यावर मेटार, टॅफ म्हणजे विमानतळाच्या हवेचा पुढच्या तासांचा अंदाज, सिग्मेट म्हणजे धोकादायक हवेचे इशारे, आणि वरच्या वाऱ्याचे चार्ट. आपण मुंबई एफआयआरमध्ये, म्हणजे मुंबईच्या हवाई माहिती क्षेत्रात, येतो, त्यामुळं सिग्मेट मुंबईचे बघायचे. विमानतळावर मेट ऑफिस असेल तर तिथं जाऊन किंवा फोन करून बोला, तिथला माणूस रोज तेच आभाळ बघत असतो, कोडमध्ये न मावणाऱ्या दोन गोष्टी तो सांगतो. नोटाम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, एअरपोर्ट अथॉरिटीच्या साइटवर, तिथं वॉच अवर्स नक्की बघा. छोट्या विमानतळाचा टॉवर दिवसभर चालू असेलच असं नसतं, आणि टॉवर बंद तर ताजं हवामान सांगणारंही कोणी नाही.

आता सरावासाठी एक ऑगस्टमधला मेटार घेऊ, हा मी बनवलेला आहे:

व्हीएएयू १५०३३०झेड २७०१४केटी ६००० एससीटी०१५ बीकेएन०२० २६/२३ क्यू१००७

व्हीएएयू म्हणजे संभाजीनगरचं विमानतळ. पंधरा तारीख, ०३३० यूटीसी म्हणजे आपले सकाळचे नऊ. वारा पश्चिमेकडून १४ नॉट. दृश्यमानता ६००० मीटर. १५०० फुटांवर तीन ते चार अष्टमांश ढग, २००० फुटांवर पाच ते सात अष्टमांश, म्हणजे सीलिंग २०००. तापमान २६, दवबिंदू २३, क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब, १००७.

पोरगा बघतो, सीलिंग २००० आहे, लागतं १५००, दृश्यमानता ६ आहे, लागते ५. झालं, चला. इथंच थांबवतो मी.

मेटारमधली ढगाची उंची त्या विमानतळाच्या जमिनीपासून असते. तुमचा अल्टीमीटर क्यूएनएचवर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. चिकलठाण्याची, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळाची, उंची १९०० फुटांच्या आसपास, म्हणजे ढगाचा तळ अल्टीमीटरवर ३९०० ला आहे. ढगाच्या १००० फूट खाली राहायचं म्हणजे जास्तीत जास्त २९०० ला उडायचं, आणि हे १५०० फुटांवरचे तुकडे सोडून, ते धरले तर अजून खाली. आता नकाशा काढा. नांदेडकडं जाताना जमीन उतरत जाते, जालना साधारण १७०० फूट, परभणी त्याहून खाली, नांदेड विमानतळ सुमारे १२५० फूट. २९०० ला उडालात तर जालन्यावर पायाखाली १२०० फूट आहेत, पुढं वाढतच जातात. अडचणीचं आहे पण जमतं. लातूरकडं मात्र बालाघाट चढतो, लातूर विमानतळच २०८० फुटांच्या जवळपास, आजूबाजूचं पठार काही ठिकाणी त्याच्याही वर. २९०० मधून २२०० गेले, राहिले ७००. आणि बीड-धाराशिवच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, नव्या उंच पवनचक्कीचं पातं वर आलं की टोक ५००-६०० फुटांच्या पुढं जातं. ती पाती पांढरी, मागं आभाळ पांढरं. वर ढग, खाली पाती आणि मधल्या फटीत तुम्ही. उत्तरेला म्हैसमाळ तर ३००० फुटांच्या आसपास, म्हणजे त्या दिवशी डोंगर तुमच्यापेक्षा उंच.

एकच मेटार, नुसत्या नियमावलीनं नांदेडला जाता येतं, लातूरला नाही. म्हणून वहीत प्रत्येक टप्प्याला दोन आकडे लिहायचे, वरची हद्द म्हणजे ढगाचा तळ वजा १०००, आणि खालची हद्द म्हणजे त्या टप्प्यातला सगळ्यात उंच अडथळा अधिक १०००. मधे ५०० फूट तरी उरले पाहिजेत असा माझा स्वतःचा नियम आहे, नियमावलीत तो सापडणार नाही, आणि त्या मापानं त्या दिवशी नांदेडही बसत नाही. कुठल्याही टप्प्यात वाटेतले टॉवर, हायटेन्शनचे खांब बघून मगच हो म्हणायचं.

उलटंही करून बघा. नांदेडचा मेटार सीलिंग १५०० म्हणतो, ठीक वाटतं, पण ते अल्टीमीटरवर २७५० झालं. तोच ढगाचा थर लातूरच्या पठारावर आला तर जमिनीपासून जेमतेम ६७० फूट. ढग खाली आला नाही, जमीन वर गेली.

मेटारच नसेल तिथं तापमान आणि दवबिंदूचा हिशेब करा, फरकाला ४०० नं गुणा, दुपारच्या उकाड्यानं वर उठणाऱ्या ढगाचा तळ अंदाजे मिळतो. २६ आणि २३, फरक ३, म्हणजे १२०० फूट. मे महिन्यात ४० आणि १६ असेल तर फरक २४, तळ ९६०० फूट, ढग उंच पण त्याखालचा पाऊस जमिनीवर यायच्या आधी कोरड्या हवेत वाळतो आणि थंड झालेली हवा धाडकन खाली येते. पाऊस नाही म्हणून वारा नाही असं समजू नका.

टॅफमध्ये टेम्पो लिहिलेलं असतं, म्हणजे तात्पुरता बदल, एका वेळी तासाभराच्या आत. लोक ते टेम्पो वाचून सोडून देतात. आयएफआरवाला वर घिरट्या घालत वाट बघू शकतो, व्हीएफआरवाल्याला तोच तासभर महागात पडतो, म्हणून तुम्ही पोहोचायच्या वेळेत टेम्पोमध्ये वादळ किंवा ३००० मीटर लिहिलेलं असेल तर ते होणारच असं धरा आणि वेळ बदला. प्रॉब३० ला, म्हणजे ३० टक्के शक्यतेला, मी थोडी सूट देतो, जवळ पर्यायी विमानतळ मोकळं असेल तरच.

फोनवरच्या माणसाकडून माहिती घ्यायची पण एक रीत आहे. वाटेत ओळखीचं कोणी असेल तर "हवा कशी आहे" विचारू नका, तो म्हणणार छान आहे, त्याला पाऊस पडला तर छानच असतो. विचारा की अमुक डोंगर दिसतोय का, टेकडीचा माथा मोकळा आहे का ढगात आहे. चिकलठाण्याहून बीबी का मकबऱ्याच्या मागचे लेण्यांचे डोंगर दहा-अकरा किलोमीटरवर आहेत, ते स्पष्ट दिसले तर तेवढी दृश्यमानता त्या बाजूला आहे. आपापल्या विमानतळाभोवती अशी चार ठिकाणं अंतरासकट पाठ पाहिजेत.

रडारचं चित्र मिळालं तर सोन्याहून पिवळं. आयएमडीच्या रडारांची चित्रं साइटवर असतात, पण मुंबई, हैदराबाद, नागपूरचं रडार मराठवाड्यापासून लांब पडतं आणि लांबच्या वादळाचा फक्त वरचा भाग त्याला दिसतो. आपल्याकडं २०१५ आणि २०१९ ला कृत्रिम पावसाच्या प्रयोगाला संभाजीनगरात रडार बसवलं होतं, तेव्हा विमानं मुद्दाम ढग शोधत फिरायची, आपण नेमके त्यांच्यापासून पळणारे. विजेसाठी दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं, शेतकऱ्यांसाठी असलं तरी उडायच्या आधी वाटेवर वीज पडतेय का हे बघायला मी वापरतो. आयएमडीचा तीन तासांचा नाउकास्ट पण बघायचा, दुपारच्या उड्डाणाला तर बघायचाच.

उन्हाळ्यातलं एक गणित

हे हवामानातच मोडतं पण विसरलं जातं. मे महिना, संभाजीनगर, दुपारी ४२ अंश, क्यूएनएच १००५. प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे प्रमाण दाबावरून मोजलेली उंची, साधारण २१५० फूट, त्या उंचीला प्रमाण तापमान ११ च्या आसपास, फरक ३१, गुणिले १२०, म्हणजे वर ३७०० फूट. डेन्सिटी अल्टिट्यूड ५९०० फुटांच्या घरात. इंजिनला आणि पंखाला वाटतं की आपण डोंगरावरच्या धावपट्टीवर आहोत. दोन माणसं, फुल्ल टाकी, आणि चढण्याचा वेग पुस्तकातल्यापेक्षा लई कमी. वाटेत ढगावरून किंवा डोंगरावरून चढून जाऊ असा प्लॅन असेल तर तो इथंच खोडा.

उडायच्या आधी: निर्णयाच्या जागा नकाशावर खुणा करून ठेवा

माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे. परत फिरायचं की नाही हे वाटेत ठरवायचं नसतं, कुठं ठरवायचं आणि कशावरून ठरवायचं हे जमिनीवर, चहा पिताना, डोकं शांत असताना लिहून ठेवायचं असतं. विमानात बसल्यावर माणसाला पोहोचायचं असतं, समोर थोडं उजळ दिसलं की मन म्हणतं पुढं साफ असेल.

नांदेडच्या टप्प्यात मी दोन गेट धरतो, जालना आणि परभणी. सरळ रेषेच्या जालना थोडं उत्तरेला आहे, नऊएक मैल, परभणी सहा-सात मैल दक्षिणेला, पण दोन्ही ओळखू येतात आणि जालना-परतूर-सेलू-परभणी-पूर्णा असा लोहमार्ग सोबतीला आहे. हवा बेताची असेल तर सरळ रेषा सोडून रुळाच्या कडेनंच जावं, चार-पाच मिनिटं जास्त जातात. चुकून डाव्या हाताला लोणारचं गोल सरोवर जवळ दिसलं तर तुम्ही मार्गाच्या तीसएक मैल उत्तरेला भरकटलात, तिथं पर्यटन करू नका.

प्रत्येक गेटला वहीत असं लिहा: इथं पोहोचल्यावर पुढची ओळखीची खूण दिसत नसेल तर परत. ढगानं मला ठरवलेल्या उंचीखाली ढकललं असेल तर परत. वेळ प्लॅनपेक्षा दहा मिनिटांनी मागं असेल तर इंधन आणि सूर्यास्त पुन्हा मोजल्याशिवाय पुढं नाही. तीनपैकी एक जरी झालं तरी चर्चा नाही.

इंधनाचं सांगतो. दिवसाच्या व्हीएफआरला अखेरीस ३० मिनिटांचं राखीव ही किमान अट. मी विद्यार्थ्याला एक तास धरायला लावतो, कारण तो अर्धा तास नेमका प्लॅन बदलण्यात जातो. आणि परतीचा हिशेब जातानाच्या वेगावर करू नका. पावसाळ्यात वर पश्चिमेचा वारा २५ नॉट असेल तर नांदेडला जाताना १२५ च्या वेगानं ५६ मिनिटांत जाल, येताना ७५ नं यायचं, १ तास ३३ मिनिटं लागतील. जाताना वाटतं काय भारी चाललंय. ॲव्हगॅस, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, सगळीकडं मिळत नाही, आधी फोन करून विचारा, पर्यायी विमानतळाचंही विचारा.

पर्यायी विमानतळ म्हणजे नकाशावरचं सगळ्यात जवळचं नाही. संभाजीनगरला परत येताना बिघडलं तर जळगाव ६७ मैल, शिर्डी ५८ मैल. पण पावसाळ्यात जळगावला जायला अजिंठ्याची रांग ओलांडायची, आणि संभाजीनगर बंद असेल त्या दिवशी ती रांग बहुतेक ढगातच असते. शिर्डी पश्चिमेला, जिकडून हवामान येतंय तिकडं. अशा दिवशी लातूरहून निघायचंच नाही किंवा नांदेडला पर्याय धरून इंधन घ्यायचं. बीदर हवाई दलाचं आहे, तिथं हॉक विमानांवर प्रशिक्षण चालतं, खरी इमर्जन्सी सोडली तर ते आपल्या यादीत नको. संभाजीनगर ते नांदेडच्या मधे टॉवर असलेलं एकही विमानतळ नाही हे तर डोक्यात कोरून ठेवा.

फ्लाइट प्लॅन भरताना मुंबईच्या एफआयसीकडून, म्हणजे फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरकडून, एफआयसी नंबर आणि एअर डिफेन्स क्लिअरन्स (एडीसी) घ्यायचा, हे सगळ्यांना माहितीय. त्याच फोनवर वाटेतल्या हवामानाचं विचारायला मात्र कोणी थांबत नाही.

हवेत: माहिती कुठून येते

यूट्यूबवर अमेरिकेतले पायलट टॅबलेटवर रंगीत रडार बघत उडताना दिसतात, त्यांच्याकडं जमिनीवरून ती माहिती फुकट वर पाठवायची व्यवस्था आहे. आपल्याकडं तसं नाही. तिथंही ते चित्र काही मिनिटं जुनं असतं आणि वादळाच्या मधून वाट काढायला ते वापरू नका असंच शिकवतात. मोबाइलला वर रेंज आली तर आली, तिच्यावर प्लॅन बांधायचा नाही.

आपल्याकडं तीन गोष्टी आहेत, रेडिओ, दुसरी विमानं आणि डोळे. रेडिओवर लाजू नका. सुटसुटीत विचारा: "नांदेड टॉवर, व्हिक्टर टँगो एक्स-रे यँकी झुलू, सेलू ओव्हरहेड, ३५०० फूट, नांदेडचं लेटेस्ट वेदर आणि ट्रेंड द्या." मिळालं की वेळेसकट लिहा, आणि सकाळच्या आकड्याशेजारी लिहा. एकट्या आकड्याला अर्थ नाही, ६००० चं ५००० झालं आणि दवबिंदूचा फरक ३ वरून २ वर आला तर दिशा कळली. खाली असताना रेडिओ लागला नाही तर वरून जाणाऱ्या मोठ्या विमानाला रिले करायला सांगा, ते आनंदानं करतात. तुम्हाला काही दिसलं तर तुम्हीही सांगा, मागून येणाऱ्याला त्याचा उपयोग आहे.

डोळ्यांनी दृश्यमानता मोजायची एक सोपी युक्ती. पुढचं गाव, तलाव, पूल पहिल्यांदा स्पष्ट दिसला की घड्याळ चालू करा, डोक्यावरून जाताना बंद करा. १०० नॉटच्या ग्राउंडस्पीडला ५ किलोमीटर म्हणजे साधारण १ मिनिट ३७ सेकंद. दोन मिनिटांच्या आत खुणा पायाखाली यायला लागल्या की तुम्ही किमान मर्यादेला टेकलात. अंदाज नेहमी जास्तच होतो, घड्याळ खोटं बोलत नाही.

वादळाचं आधी खाली दिसतं. धुराच्या रेषा एकदम आडव्या झाल्या, शेतातून धुळीचा लोट भिंतीसारखा सरकू लागला, तलावाच्या पाण्यावर काळे पट्टे पळू लागले, की समोरच्या ढगाचा थंड वारा तुमच्यापर्यंत आलाय. ढग अजून दहा-पंधरा मैल लांब असला तरी. मोठ्या क्युम्युलोनिंबसपासून, म्हणजे गडगडाटी ढगापासून, २० मैल लांब राहायचं, वर पसरलेल्या छत्रीखालून जायचं नाही आणि दोन गोळ्यांच्या मधल्या उजेडातून तर मुळीच नाही, ती फट तुम्ही पोहोचेपर्यंत मिटते.

पावसाळ्यात अजून एक. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात बाहेर २५ अंश असतानाही दमट हवेत आतून बर्फ धरतो, खासकरून पॉवर कमी करून ढगाखाली उतरताना. आरपीएम हळूहळू पडायला लागला की कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा दांडा, पूर्ण ओढा. खालून निघायच्या गडबडीत हे राहून जातं.

प्लॅन बदलायची वेळ आली

धरा की मे महिना आहे, परभणीला आलात, नांदेडच्या बाजूला काळं झालंय आणि टॉवर सांगतोय गडगडाट सुरू. नांदेड ३१ मैल, संभाजीनगर मागं ८५ मैल, लातूर दक्षिणेला ५४ मैल.

पहिलं काम, पुढं जाणं थांबवायचं. ओळखीच्या खुणेवर, इथं परभणीचं जंक्शन आहे, मोकळ्या हवेत सावकाश वर्तुळ घ्या. वेग कमी करा. वेळ लिहा. पाचच मिनिटं द्या याला, पण ही पाच मिनिटं पुढं सरकत घालवू नका.

मग दिशा. नकाशावर बोट ठेवा, परभणी-लातूर रेषा पेन्सिलीनं हातानंच ओढा, साधारण २०० अंश. दहा लाखाला एक या प्रमाणाच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर, म्हणजे ५.४ मैल, दहा सेंटिमीटर भरलं तर ५४ मैल, इतकं सोपं. जीपीएस असेल तर डायरेक्ट दाबा पण बोटाचं उत्तर आणि त्याचं उत्तर जुळतंय का बघा, घाईत चुकीचं विमानतळ निवडलं जातं. पश्चिमेचा १५ नॉट वारा असेल तर तो जवळपास आडवा लागतो, सात-आठ अंश वाऱ्याकडं वळवा, २०७ धरा. थोडा समोरूनही लागतो, ग्राउंडस्पीड ९५, वेळ ३४ मिनिटं. तासाला ३२ लिटरनं इंधन १८-१९ लिटर. हे सगळं हवेत तोंडी आलं पाहिजे, म्हणून घरी बसून कुठलीही दोन गावं घेऊन सराव करा, लई मजा येते आणि हात बसतो.

आता लातूर घ्यायचं का? नुसतं जवळ आहे म्हणून नाही. दुपारची वेळ, बालाघाटावर पण गोळे उठू शकतात. दक्षिणेला बघा, क्षितिज स्वच्छ आहे का, लातूर रेडिओवर मिळतंय का, तिथं टॉवर चालू आहे का. शंका असेल तर मागं, जिकडून आलात तिकडं, ती हवा तुम्ही अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीय. ८५ मैल लांब वाटतात, पण मोकळे ८५ मैल कधीही परवडतात.

ठरलं की लगेच सांगा: "मुंबई, व्हिक्टर टँगो एक्स-रे यँकी झुलू, वेदरमुळं लातूरला डायव्हर्ट करतोय, परभणी ओव्हरहेड, ४५०० फूट, लातूर ३४ मिनिटांनी, एन्ड्युरन्स २ तास, विमानात दोन जण." परवानगी मागितल्यासारखं पुटपुटू नका. उंचीचाही विचार करा, नांदेडकडं जाताना ५५०० सारख्या विषम हजार अधिक पाचशेच्या पातळीवर होतात, लातूरकडं वळल्यावर दिशा १८० च्या पुढं गेली, म्हणून सम हजार अधिक पाचशे, ४५००. मग दर दहा मिनिटांनी खूण, वेळ, इंधन. वाटेतली मोठी खूण गोदावरी, ती ओलांडल्याची वेळ लिहा, ग्राउंडस्पीड तिथंच पक्का होतो.

नऊ-दहा मिनिटांनी हवा पुन्हा बिघडताना दिसली तर पुन्हा बदला. आता एकदा बदललाय, परत कसं सांगायचं, असला संकोच लोक करतात, एटीसीला त्याचं काही वाटत नाही.

आणि एवढं करूनही ढगात शिरलातच तर: १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठानं इन्स्ट्रुमेंटचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना अशा परिस्थितीत घालून बघितलं, वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. म्हणून शिरल्या शिरल्या नजर आर्टिफिशियल होरायझनवर, पंख सरळ, श्वास सोडा, मग हलकं वळण, सेकंदाला ३ अंश, बरोबर एका मिनिटात १८० अंश फिरून जिकडून आलात तिकडं. वळताना उंची सोडू नका, खाली बघून ढगाचं भोक शोधू नका. बाहेर येत नसलात तर स्पष्ट बोला की व्हीएफआर आहे, ढगात आहे, मदत पाहिजे. कोणी उत्तर देत नसेल तर १२१.५ या इमर्जन्सी फ्रिक्वेन्सीवर.

उतरल्यावर

लातूरला उतरलात, इंजिन बंद केलं, विमान बांधा, वळवाचा वारा येतोय, पंख मोकळे सोडून कँटीन शोधायला जाऊ नका. मग पहिला फोन नांदेडला आणि एफआयसीला, की आम्ही लातूरला सुखरूप उतरलोय. हवेत सांगितलेलं असलं तरी करा, निरोप मधे अडकतात, आणि ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात तुमचा पत्ता लागला नाही की तिकडं शोधाची चक्रं फिरायला लागतात. वहीत वेळा आणि मिळालेले सगळे मेटार तसेच ठेवा, परतीचा प्लॅन त्यावरून पुन्हा नव्यानं करायचाय, नवीन मेटार, नवीन टॅफ, नवीन एडीसी, सकाळच्या कागदावर रेघ मारून. सूर्यास्ताला दीड तास उरला असेल आणि संभाजीनगरला सव्वा तास लागत असेल तर आज मुक्काम लातूरलाच. घरी फोन त्यानंतर करा.